पाळणे फिरवायला धाडायचं का लेकराला?

लोहा तालुक्यातल्या एका आईनं समोर बसून मला हा प्रश्न विचारला. मुलगा शेजारीच होता, मान खाली घालून. बारावी सायन्स, नीटचे दोन अटेम्प्ट झालेले. लातूरला खोली करून राहण्यात आणि क्लासच्या फीमध्ये घरची शिल्लक संपलेली, आणि तिसऱ्यांदा बसायचं की नाही यावर घरात रोज वाद. त्यात मुलानं मोबाइलवर खोपोलीच्या इमॅजिका पार्कमधल्या भरतीची जाहिरात दाखवली. माउलीला माळेगावची जत्रा आठवली. आकाशपाळणा, जनरेटरचा धूर, पाना घेऊन नट आवळत फिरणारा माणूस, रात्री तिथंच पाळण्याखाली पथारी टाकून झोपणारा. "यासाठी का शिकवलं सर त्याला?" असं म्हणताना तिचा आवाज भरून आला.

तिची काळजी खरी होती, म्हणून तिला दिलेलं उत्तर इथं सविस्तर लिहितो. नांदेड-लातूरच्या कितीतरी घरांत आज हाच पेच आहे.

आपल्या पिढीला पार्क म्हटलं की १९८९ मध्ये गोराईला सुरू झालेलं एस्सेलवर्ल्ड आठवतं. इमॅजिका त्यानंतरचं. रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ मध्ये ते सुरू झालं. मनमोहन शेट्टींच्या ॲडलॅब्सनं ते उभारलं. पुढे कर्जाचा बोजा वाढला आणि २०२२ मध्ये कंपनी संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आली. शिर्डी आणि लोणावळ्याची पार्क चालवणारा हाच समूह. आपल्याला जवळ पडतं ते हैदराबाद. तिथं १९९६ पासून रामोजी फिल्म सिटी आहे आणि २०१६ पासून रिंग रोडलगत वंडरला. खोपोलीला जायचं तर नांदेडहून लातूर, पुणे करत पनवेलला जाणारी एक्स्प्रेस आहे. तिच्या जनरल डब्यात कामाला निघालेली आपली मुलं नेहमी दिसतात.

अशा पार्कात पाळण्याजवळ उभी असलेली मुलं आपल्याला दिसतात, पण माणसं त्याहून कितीतरी जास्त लागतात. तिकीट खिडकी, स्वयंपाकघर, दुकान, सफाई, बाग, सुरक्षा, पाणी शुद्ध करणारं युनिट, एसी प्लांट, नाचणारे आणि सोंग घेणारे कलाकार, त्यांचे कपडे शिवणारे शिंपी. यातल्या कुठल्या दारानं आत जायचं हे जाहिरात बघून ठरवू नये. आपल्या हातात काय आहे ते आधी बघावं.

माझ्या मते सगळ्यात भक्कम दार मेंटेनन्सचं आहे. त्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही, म्हणून मी जरा जास्त बोलतो.

पार्क उघडण्याआधी, पाहुणे अजून बसमध्ये असतात तेव्हा, फिटर आणि इलेक्ट्रिशियन राईडवर चढलेले असतात. मला एका फिटरनं एक साधी गोष्ट दाखवली, ती अजून डोळ्यांसमोर आहे. नट ठरलेल्या जोरानं आवळला की त्यावर आणि शेजारच्या पोलादावर मिळून रंगाची एकच सरळ रेघ ओढतात. रोज सकाळी बॅटरी मारून ती रेघ बघायची. रेघ सरळ असेल तर नट जागेवर आहे. नटावरचा तुकडा केसभर जरी सरकलेला दिसला तरी राईड बंद, साहेबाला फोन, वहीत नोंद. मग रिकामी गाडी फिरवून ब्रेक, सेन्सर, छातीवरचे लॉक बघायचे, आणि शेवटी वहीत सही. त्या सहीवर दिवसभर हजारो लेकरं बसणार असतात. जत्रेतला पाळणेवालाही नटच आवळतो. इथं त्या आवळण्याला मोजमाप आहे, नोंद आहे आणि चुकलं तर जबाब द्यावा लागतो.

इमॅजिकातला नायट्रो हा रोलरकोस्टर स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड मॅबिलार्ड कंपनीचा आहे, उंची सुमारे ४० मीटर. त्याच्या डब्यांना तळ नाही, पाय अधांतरी लोंबतात. स्टेशनात माणसं बसतात तेव्हा पायाखाली जमीन असते आणि गाडी सुटण्याआधी ती बाजूला सरकते. रोलरकोस्टरच्या रुळांचेही रेल्वेसारखे भाग पाडलेले असतात. पुढची गाडी आपल्या भागातून बाहेर पडल्याशिवाय मागची त्यात सोडली जात नाही, आणि हा निर्णय सेन्सर आणि पीएलसी, म्हणजे राईड चालवणारा संगणक, घेतात. चढावर जो खटखट आवाज ऐकू येतो तो गाडीला मागे घसरू न देणाऱ्या खिटीचा.

लातूर पॅटर्नमध्ये शिकलेल्या मुलांना मी इथं एक आठवण करून देतो. फिजिक्समध्ये उभ्या वर्तुळाचं गणित तुम्ही शेकडो वेळा सोडवलंय. घर्षण नसेल तर लूप पूर्ण करायला निदान अडीच त्रिज्या उंचीवरून निघावं लागतं आणि तेव्हा तळाशी माणसाला आपल्या वजनाच्या सहापट दाब जाणवतो. माणसाची मान तो दाब सोसत नाही. म्हणून खरा लूप गोल नसतो, थेंबासारखा असतो, वर अरुंद आणि खाली पसरट. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या रिव्होल्यूशन या रोलरकोस्टरवर जर्मन इंजिनीअर वेर्नर स्टेंगेल यांनी हा आकार आणला. नीटला दोनदा मार्क कमी पडलेल्या मुलाला हे ज्ञान वाया गेलं असं वाटत असतं. ते लोखंडात उभं राहिलेलं असतं, पण त्यापर्यंत पोचायला हातात कसब लागतं.

ते कसब आयटीआयमध्ये मिळतं. फिटर, इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, रेफ्रिजरेशन अँड एसी हे दोन वर्षांचे ट्रेड, वेल्डर एक वर्षाचा. प्रवेश दहावीच्या मार्कांवर, ऑनलाइन. बारावी झालेल्या मुलालाही लागू, यात कमीपणा मानू नये. आयटीआय झाल्यावर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, नांदेडलाही शासकीय तंत्रनिकेतन आहे. ट्रेड पूर्ण झाला की ॲप्रेंटिसशिप इंडियाच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवावं. १९६१ च्या कायद्यानं शिकाऊ उमेदवाराला स्टायपेंड द्यावाच लागतो. पार्कात जागा नसेल तर साखर कारखान्यात किंवा लिफ्टच्या कंपनीत एक वर्ष काढा. मोटर, गिअरबॉक्स, बेअरिंग, पॅनेल सगळीकडे तेच. मार्च २०२० मध्ये देशातली सगळी पार्क बंद पडली, तेव्हा ज्याच्या हातात ट्रेड होता त्याला दुसरीकडे तरी जाता आलं. ज्याच्याकडे फक्त युनिफॉर्म होता तो गावी परतला.

आता समोरच्या कामाबद्दल. राईडवर माणसं बसवणं, रांग सांभाळणं, तिकीट, हॉटेल. इथं पदवीपेक्षा बोलणं बघतात. अमेरिकेत १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हापासून तिथल्या कामगाराला नाटकातल्या नटासारखं 'कास्ट मेंबर' म्हणतात, कारण पाहुण्यासमोर झाडू मारणाराही त्यांच्या लेखी रंगमंचावर असतो. आपल्याकडची पार्कही माणूस निवडताना हेच बघतात.

मी मुलांची सराव मुलाखत घेतो तेव्हा एक प्रसंग हमखास देतो. राईडची उंचीची मर्यादा आहे, मूल चार बोटं कमी भरतंय. वडील चिडलेत, "पाचशे किलोमीटरवरून आलोय, पैसे भरलेत" म्हणतात, मूल रडतंय, मागं रांग आहे. तू काय करशील? निम्मी मुलं म्हणतात, सिनिअरला विचारीन. काही म्हणतात, एवढ्यानं काय होतंय, सोडीन. सोडीन म्हणणाऱ्याला नोकरी मिळणार नाही आणि मिळूही नये. एका मुलीनं मात्र गुडघ्यावर बसून आधी मुलाशी बोलायला सुरुवात केली. "तुझं नाव काय? त्या तिकडच्या राईडला तुझी उंची बरोबर आहे, मी दाखवते चल." मग उठून वडिलांना म्हणाली, "साहेब, लॉक याच्या खांद्यावर बसणार नाही, निसटेल. मी नाही सोडू शकत." आवाज चढला नाही, नजरही खाली गेली नाही. ती देगलूरची होती, घरी मराठी, बाजारात तेलुगू, शाळेत हिंदी. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली होती, माझं इंग्रजी कच्चं आहे, मला कोण घेणार?

आपल्या भागातल्या मुलांना आपल्या भाषांची किंमत ठाऊक नाही. बिलोली, धर्माबादकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, सगळीकडे दखनी, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याभोवती पंजाबी. हैदराबादच्या पार्काला अशी मुलं हवीच असतात. सचखंड हजूर साहिबच्या लंगरमध्ये ज्यानं सेवा केली आहे, हजारोंची पंगत न ओरडता बसवली आहे, त्यानं ते बायोडाटात लिहावं. इंग्रजी कामापुरतं लागतं: रस्ता सांगणं, नियम सांगणं, माफी मागणं. रोज अर्धा तास आरशासमोर आणि अर्धा तास अनोळखी माणसाशी, तीन महिने. घरच्यांनी पाहुणे आले की पोराला आत न पाठवता पुढे बसवावं, एवढी मदत पुरते.

पोहणाऱ्यांसाठी वॉटर पार्कात जीवरक्षकाचं काम असतं. त्यासाठी नदीत पोहता येणं पुरत नाही. बुडणाऱ्याला ओढून आणणं आणि छाती दाबून श्वास देणं याचं रीतसर प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं.

आता कागदांचं बघू. यातल्या बऱ्याच जागा ठेकेदारामार्फत भरल्या जातात, तेव्हा पार्कचा टीशर्ट अंगावर असला तरी मालक वेगळा असतो. नेमणूक पत्रावर कोणाचं नाव आहे ते वाचा. हातात येणारी रक्कम वेगळी, कागदावरची वेगळी. पीएफसाठी मूळ पगाराचे १२ टक्के कापले जातात, यूएएन नंबर मागून घ्या. महिना २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआयची सोय मिळते का विचारा. राहायला जागा, जेवण, रात्रीची बस, विशेषतः मुलींसाठी, हे रुजू होण्याआधी विचारायचं. आणि नोकरी लावण्यासाठी कोणी रजिस्ट्रेशनचे, युनिफॉर्मचे, ट्रेनिंगचे पैसे यूपीआयवर मागितले तर तिथंच थांबा. अर्ज कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून करा.

अबुधाबीला २०१० पासून फेरारी वर्ल्ड आहे, दुबईत लेगोलँड आहे, आणि तिकडच्या नोकऱ्यांचे फोटो आपल्या मुलांच्या मोबाइलवर फिरत असतात. दोन वर्षं इथं काम करून मगच तिकडे बघावं असं माझं मत आहे. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला हवा. त्याला कायद्यानं जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं. व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बदलून देतो, असं म्हणणाऱ्याच्या हातात पासपोर्ट देऊ नका.

त्या माउलीला मी सांगितलं, आधी एकदा मुलाला घेऊन जा, पण राईड बघू नका, काम करणाऱ्यांना बघा. आठ-नऊ तास उभं राहावं लागतं, एप्रिल-मेच्या उन्हातसुद्धा. लोकांची सुट्टी ती यांची ड्युटी. शनिवार-रविवार नाही, दिवाळी नाही, नाताळ नाही; सुट्टी मिळणार ती आडवारी. घरचा विरह सोसणारा मुलगाच तिथं टिकतो.

मुलानं त्या वर्षी नीटचा फॉर्म भरला नाही. फिटरला प्रवेश घेतला. दोन वर्षांनी तो पुण्याच्या बाजूला एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला आणि पुढच्या उन्हाळ्यात पार्कच्या मेंटेनन्समध्ये. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी दोघं पुन्हा आली, सोबत मुलाची बहीणही होती. आईनं पिशवीतून धपाटे काढून टेबलावर ठेवले, नेमणूक पत्र माझ्याकडून वाचून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली.

"दिवाळीत येणारच नाही का सर हा?"

"दिवाळीत गर्दी असते मावशी. नंतर मिळेल चार दिवस."

तिनं मुलीकडे पाहिलं. मुलगी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली, नोव्हेंबरचं पान वर केलं आणि एका मंगळवारावर बोट ठेवून म्हणाली, "मग आपली भाऊबीज या दिवशी."