हरण्याची तयारी

मंडळी, आपल्या पिंपळगाव बसवंतात द्राक्षाची बाग काही नवी नाही. ऑक्टोबरात छाटणी होते. वेल फुटते, घड दिसू लागतात आणि बागाईतदार आभाळाकडे बघत राहतो. ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला तर डावणी पडते. घड कुजतात. औषधाचा खर्च अंगावर येतो. तरी पुढच्या ऑक्टोबरात तोच माणूस कात्री घेऊन बागेत उभा! पावसाच्या भीतीने छाटणीच केली नाही, तर द्राक्षे येतील कुठून?

प्रत्येक कामाचे असेच आहे. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या एका माणसाची हकिगत आज वाचू.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. लोक त्यांना दादासाहेब म्हणत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकले. गोधऱ्याला त्यांनी फोटोचा धंदा काढला. तो चालला नाही. पुढे छापखाना काढला. तो चालला, पण भागीदारांशी पटले नाही. तोही सुटला. वय झाले चाळीस!

अशा वेळी त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मुका चित्रपट पाहिला. आपल्या राम-कृष्णांच्या कथा अशाच पडद्यावर दाखवायच्या, असे त्यांच्या मनाने घेतले. पण शिकवणार कोण? त्यांनी रात्रंदिवस चित्रपट पाहिले, पुस्तके वाचली. डोळे बिघडले. काही दिवस दिसेनासे झाले. उपचाराने दृष्टी परत आली, तेव्हा पुन्हा कामाला लागले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली विलायतेस गेले, काम शिकले, कॅमेरा घेऊन आले.

आता भांडवल हवे. नुसत्या बोलण्यावर पैसे कोण देणार? दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला. त्याचे थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर बी उगवताना आणि वेल वाढताना दिसली. ती एवढीशी फिल्म पाहिली, तेव्हा कर्ज मिळाले. पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. फिल्म धुण्याचे कामही त्या शिकल्या. नाटकात किंवा चित्रात काम करणे तेव्हा बाईमाणसाला कमीपणाचे वाटे. म्हणून तारामतीचे काम अण्णा साळुंके या खाणावळीतल्या आचाऱ्याने केले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. लोकांनी गर्दी केली.

पुढे बोलपट आले आणि दादासाहेब मागे पडले. शेवटचे दिवस ओढाताणीत गेले. १९४४ साली नाशिकास ते वारले. म्हणजे यश एकदा आले की कायमचे राहते, असेही नाही. पण त्यांनी उघडलेली वाट आजही चालू आहे.

आता कोणी म्हणेल, “गुरुजी, मग आम्हीही दागिने गहाण टाकावे काय?” नाही हो! तसे आम्ही सांगत नाही. धाडस वेगळे आणि जुगार वेगळा. जुगारी डोळे मिटून सारे लावतो. दादासाहेबांनी आधी काम शिकून घेतले, मग कुंडीभर करून पाहिले, आणि घरच्या माणसाला बरोबर घेतले. तुम्हीही नवा वाण लावायचा तर आधी चार ओळी लावून बघा. छाटणी दोन-तीन टप्प्यांत करा, म्हणजे एका पावसात सारी बाग सापडणार नाही. घरातले दाणे आणि मुलांची फी मात्र पणाला लावू नका.

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत शिकविले. फळ्यावर चुकेल म्हणून कोपऱ्यात बसणारा मुलगा मागे राहिलेला पाहिला. दहा वेळा चुकून अकराव्यांदा खडू हातात घेणारा पुढे गेलेला पाहिला.

आणि तुम्ही? “या वयात शाळेत जातोय!” असे कोणी हसेल, हे ठाऊक असूनही तुम्ही पाटी हातात घेतलीत. पहिली अक्षरे वाकडी आली, ती पुसून पुन्हा काढलीत. म्हणून तर आज हा पाठ तुम्हाला वाचता आला!

विचार करा व लिहा :
१. दादासाहेबांनी वाटाण्याची फिल्म का काढली?
२. धाडस आणि जुगार यांत फरक काय?
३. चुकण्याच्या भीतीने तुम्ही कोणते काम टाळले आहे? ते कुंडीभर कसे करून पाहाल?