ट्रॉलीच्या दिव्यांना पक्का अर्थ द्या



गळीत हंगामात फडातून भरलेली ट्रॉली पुष्कळदा अंधार पडल्यावरच रस्त्याला लागते. पिंप्राळ्याकडून सुरत-नागपूर महामार्गावर (जुना क्रमांक ६, आताचा ५३) ट्रॅक्टर चढला की मागून ट्रक, एस.टी., मोटारसायकली येतच असतात. ताशी ६० किलोमीटरने येणारा मोटारसायकलवाला एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे येतो. ट्रॉलीचा लाल दिवा बंद असेल तर ऊस दिसेपर्यंत त्याला ब्रेक लावायला जागाच उरत नाही. बरेचदा बल्ब चांगला असतो, वायरही चांगली असते, तरी दिवा लागत नाही. दोष अर्थचा असतो. त्याबद्दल आम्ही इथे थोडं सांगणार आहोत.

अर्थ म्हणजे काय?

विहिरीवरच्या मोटारीला आपण खड्डा करून, मीठ-कोळसा टाकून अर्थिंग देतो. ट्रॉलीचं तसं नाही. ती रबरी टायरवर उभी, जमिनीशी तिचा संबंध नाही. इथे अर्थ म्हणजे करंटने बॅटरीकडे परत जायची वाट. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची. तिच्या प्लसकडून वायर दिव्यापर्यंत येते. परतीसाठी मात्र लोखंडी चासीच वापरतात, कारण बॅटरीचा मायनस चासीला जोडलेला असतो.

ट्रॅक्टरपुरतं हे ठीक आहे. ट्रॉली मात्र फक्त हुकाच्या पिनेने अडकवलेली असते. वेगळी अर्थ वायर नसेल तर परतीचा सगळा करंट त्या पिनेतून जायचा. तिला ग्रीस, गंज आणि माती. ट्रॅक्टर ओढत असतो तोवर पिन घट्ट बसते, दिवा लागतो. उतारावर ती सैल झाली की दिवा जातो. ड्रायव्हर म्हणतो, "निघताना तर लागत होता, भाऊ." त्याचं खोटं नसतं.

दिवा विझला नाही तरी मंद होतो. खराब जोडात ३ व्होल्ट गेले आणि बल्बला ९ च मिळाले, तर उजेड निम्म्याच्याही खाली येतो.

दोष कसा ओळखायचा?

ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा मंदावतो, किंवा साइडचा दिवा आपोआप मिणमिणतो, तर अर्थ तपासा. परतीची वाट न मिळाल्याने करंट दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो, म्हणून असं होतं.

खात्री करायला एक लांब वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं दिव्याच्या पत्र्याच्या घराला घासून टेकवा. दिवा लख्ख झाला तर दोष अर्थचाच. नाही झाला तर बल्ब, होल्डर व प्लसची वायर बघा.

दुरुस्ती

१. पिनेवर विसंबू नका. ट्रॅक्टरच्या चासीपासून सॉकेटमधून ट्रॉलीपर्यंत स्वतंत्र अर्थ वायर टाका. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या सात पिनी सॉकेटमध्ये ३ नंबरची पिन अर्थची आणि तिची वायर पांढरी असते. गावात जोडलेल्या सॉकेटमध्ये रंग कुठलाही असू शकतो, म्हणून तपासूनच जोडा.

२. एका ट्रॉलीचे ब्रेक, टेल आणि एक साइड दिवा मिळून सुमारे ६ अँपिअर करंट घेतात. तेव्हा बारीक वायर नको. किमान अडीच एम.एम.ची, बारीक तारांची लवचिक वायर घ्या. दोन ट्रॉल्या असतील तर चारची घ्या आणि तीच पुढे दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत न्या.

३. बोल्टाच्या जागेचा रंग व गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडा. वायरीला थिंबल लावा, दातेरी वॉशर घालून आवळा, मग वरून ग्रीस लावा. प्रत्येक दिव्याच्या घरापर्यंत ही वायर पोचवा.

४. हुकाजवळ वळणापुरती वायर सैल ठेवा. बाकीची चासीला क्लिपांनी बांधा.

५. प्लसच्या वायरीला फ्यूज हवाच. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून बेफिकीर राहू नका. सोललेली वायर चासीला टेकली तर लाल होते, आणि वर वाळलेलं पाचट असतं.

दिवे नीट असले तरी लोंबणारी वाढी त्यांवर येऊ देऊ नका. मागचे लाल रिफ्लेक्टरही असलेच पाहिजेत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ते ट्रेलरला बंधनकारक आहेत. ट्रॉली रस्त्यात बंद पडली, बॅटरी उतरली, तरी मागच्या गाडीच्या उजेडात रिफ्लेक्टर चमकतात.

हे काम अर्ध्या दिवसाचं आहे. सर्व वाहनमालक सभासदांनी पहिली खेप भरण्याआधी ते करून घ्यावं. रोज निघताना एकाने ब्रेक दाबावा, दुसऱ्याने मागे उभं राहून दिवे बघावेत, ही आमची आग्रहाची विनंती.