श्वास का अडतो? घोड्याच्या श्वासनलिकेतील रासायनिक दूत



धम्मात श्वासाला मोठे स्थान आहे. आनापानसतीचा आरंभच आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे सजगपणे पाहण्याने होतो. मात्र ज्या श्वासाकडे आपण पाहतो, त्याची वाट शरीरात कोण उघडतो आणि कोण आवळतो, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. या प्रश्नाचा विचार आम्ही येथे घोड्याच्या उदाहरणाने करणार आहोत. इतिहासाच्या पुस्तकांत घोडा भेटतो तो रणांगणावरचा, डाकेचा, राजाच्या स्वारीचा. सिद्धार्थाला राज्याबाहेर घेऊन जाणारा कंथकही आपल्या परिचयाचा आहे. पण ज्या छातीच्या बळावर हा प्राणी धावला, त्या छातीचा इतिहास कोणी सहसा सांगत नाही.

घोड्याचा श्वास

उभा असलेला निरोगी घोडा मिनिटाला साधारण 10 ते 14 वेळा श्वास घेतो. चौखूर धावताना मात्र त्याची एक झेप आणि एक श्वास अशी जोडी जुळते व हीच संख्या 100 च्या पुढे जाते. माणसाप्रमाणे तोंडाने श्वास घेण्याची सोय घोड्याला नाही. नाकपुड्या हाच त्याचा एकमेव मार्ग. त्यात नळीचा नियम मोठा कठोर आहे. प्रवाह संथ असेल, तर नळीची त्रिज्या निम्मी होताच वाहत्या हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, तर 16 पट होतो. म्हणून श्वासनलिका थोडी जरी आवळली, तरी बलाढ्य प्राणीही हतबल होतो.

आवळणारे आणि सैल करणारे दूत

श्वासनलिकेच्या भिंतीत अनैच्छिक स्नायू असतात. मेंदूकडून निघालेली व्हेगस नावाची चेता त्यांच्यापर्यंत पोहोचते. परंतु चेतातंतूचे टोक स्नायूला प्रत्यक्ष चिकटलेले नसते. मध्ये सूक्ष्म फट असते. ही फट ओलांडण्याचे काम ॲसिटिलकोलीन हे रसायन करते. ते स्नायुपेशीवरील ग्राहीवर बसते, ग्राही पेशीच्या आत निरोप देतो, आत साठवलेले कॅल्शियम मोकळे होते आणि स्नायूचे तंतू एकमेकांवर सरकून स्नायू आकुंचन पावतो. काम होताच एक विकर ॲसिटिलकोलीनचे विघटन करते. शिवाय चेतातंतूच्या टोकावरही ग्राही असतात. स्रवलेले ॲसिटिलकोलीन त्यांवर बसले की पुढचा स्राव मंदावतो. हा दूत जणू स्वतःच स्वतःला लगाम घालतो.

हिस्टामाइन हा आवळणारा दुसरा दूत. शरीराला न मानवणारा पदार्थ आत शिरला की काही पेशी तो सोडतात. याउलट ॲड्रिनलीन रक्तातून येते आणि स्नायू सैल करते. मोठ्या श्वासनलिकांत काही चेतातंतू नायट्रिक ऑक्साइड सोडूनही हेच काम करतात. या परस्परविरोधी दूतांच्या समतोलावर श्वासाची वाट अवलंबून असते.

हे ज्ञान कसे मिळाले?

चेतातंतू निरोप विजेने देतात की रसायनाने, हा वाद दीर्घकाळ चालला. 1921 साली ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदये घेतली. पहिल्याच्या व्हेगस चेतेला उत्तेजित करताच ते मंदावले. त्याच्या भोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावले. दुसऱ्या हृदयाची चेता तर काढलेली होती. निरोप द्रवातूनच गेला होता. पुढे 1929 साली इंग्लंडमध्ये हेन्री डेल व हॅरोल्ड डडली यांनी प्राण्याच्या शरीरातून ॲसिटिलकोलीन प्रथमच वेगळे केले, तेही बैल व घोडा यांच्या प्लीहेतून. 1936 चे नोबेल पारितोषिक लोवी व डेल यांना मिळाले.

इतिहासाचा विद्यार्थी येथे थांबल्यावाचून राहणार नाही. लोवी जन्माने ज्यू होते. 1938 च्या मार्चमध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतला आणि लोवी तुरुंगात गेले. जिवाची खात्री नसताना आपल्या नव्या प्रयोगाचा निष्कर्ष हरवू नये म्हणून त्यांनी तो एका पोस्टकार्डावर लिहून शास्त्रीय नियतकालिकाकडे रवाना केला. नोबेलची रक्कम नाझींच्या हवाली केल्यावरच त्यांना देश सोडता आला. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारी व्यवस्था विद्वत्तेलाही जुमानत नाही, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. पण माणूस हाकलला गेला, तरी त्याने शोधलेले सत्य हाकलता आले नाही.

तबेल्यातील दमा

थंड प्रदेशांत घोडे महिनोन्‌महिने बंद तबेल्यात राहतात. वाळक्या गवतातील बुरशी व धूळ श्वासावाटे आत जाते. काही घोड्यांची श्वासनलिका तिने सुजते, व्हेगस चेता चाळवते, स्नायू आवळतात. श्वास बाहेर टाकताना पोट जोराने दाबावे लागल्याने बरगड्यांच्या कडेला स्नायूंची रेघ उमटते. ॲट्रोपिन हे औषध ॲसिटिलकोलीनची जागा अडवते आणि वाट झटपट मोकळी होते. आवळण्यात व्हेगस चेतेचा वाटा किती मोठा आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. आपल्या माळावरच्या धोतऱ्यात याच जातीची द्रव्ये असतात, पण धोतरा प्राणघातक विष आहे, हे विसरू नये. ॲट्रोपिननेही घोड्याची आतडी मंदावून पोटशूळ उठतो. म्हणून खरा उपाय वेगळाच आहे: घोड्याला मोकळ्या कुरणात सोडणे, तबेल्यात हवा खेळती ठेवणे, गवत भिजवून देणे. औषध दूताला अडवते. धूळ हटवली, तर तो दूत एवढा आक्रमक होतच नाही.

आपल्यासाठी बोध

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी दैवी चमत्कार नाकारून कार्यकारणभावाला महत्त्व दिले. घोड्याचा श्वास हेच शिकवतो. त्याचा दमा हा कोणाचा कोप नव्हे, की मागल्या जन्माचे फळही नव्हे. धूळ, सूज, चेता, रसायन, स्नायू अशी ती साखळी आहे आणि कडी ओळखली तर ती तोडता येते. माणसाचा दमा सर्वस्वी घोड्यासारखा नसला, तरी तोही कारणांनीच होतो. तरीही आजही दम्याच्या लेकराला अंगारा लावला जातो, गंडा बांधला जातो, आणि चुलीचा धूर तसाच राहतो. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 51 क ने सांगितलेले कर्तव्य आहे. ते प्रयोगशाळेपुरते नाही. शेजारच्या खाटेवरचा मित्र रात्री धापा टाकू लागला, तर त्याला बसते करा, गुरुजींना उठवा, डॉक्टरांकडे न्या. आणि दुसऱ्या दिवशी खोलीतील धूळ, ओल व धूर शोधा.

करुणा मनात उपजते, पण कारण कळल्यावाचून ती कोणाच्या कामी येत नाही. कारण शोधणारी करुणा म्हणजेच प्रज्ञेची सोबत लाभलेली करुणा. ती आपल्या विद्यालयातून घेऊन बाहेर पडा, एवढीच आमची मंगलकामना.

नमो बुद्धाय! जय भीम!