परदेशस्थ वराची रजा आणि विवाहनोंदणी

प्रश्न : मी मेलबर्नला नोकरीस असून माझा विवाह साताऱ्यास व्हावयाचा आहे. वधूवर दोघेही हिंदू. रजा जेमतेम तीन आठवड्यांची. तयारीचा आरंभ कोठून करावा?

उत्तर : कार्यालय, केळवणे आणि आहेर यांची चिंता वडीलधारी मंडळी आपणाहून अधिक उत्साहाने वाहतील, कार्यालयाचा इसार आपल्या वतीने वडिलांनी भरावा हे उत्तम. आपण लक्ष घालावे ते दस्तऐवजांत. १९५४च्या विशेष विवाह कायद्यान्वये वधूवरांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवसांचे वास्तव्य, त्यानंतर नोटीस आणि तिची पुन्हा ३० दिवसांची मुदत आवश्यक असल्यामुळे, वधू साताऱ्याची रहिवासी असली तरी हा मार्ग आपल्या रजेत बसविणे दुर्घटच. त्यापेक्षा सप्तपदीसह वैदिक विवाह करून, १९९८च्या महाराष्ट्र कायद्याप्रमाणे ९० दिवसांच्या आत करावयाची नोंदणी आपण पुढच्याच आठवड्यात उरकावी. तीन साक्षीदार आणि पुरोहितांची सही यांची तजवीज मात्र आधीच करून ठेवावी, कारण मंगलाष्टके संपताच गुरुजी दुसऱ्या मुहूर्ताला रवाना होतात! प्रमाणपत्रावर अपोस्टिल घेण्याचे काम आपल्या पश्चातही होऊ शकेल.

तांदळाच्या ताटात वधूचे नवे नाव हौसेने लिहावे. परंतु नोंदणीच्या अर्जात तिच्या पासपोर्टावरचेच नाव अक्षरशः उतरवावे, अन्यथा व्हिसाच्या वेळी प्रतिज्ञापत्रांची यातायात ओढवेल.