घानाच्या प्रवासाची पूर्वतयारी

दूरच्या प्रवासास निघताना प्रथम काय बांधावे, असे विचारले असता तुम्हांपैकी बहुतेक जण कपडे, फराळ व पैसा यांची नावे सांगाल. आमच्या मते प्रथम नकाशा उघडावा. ह्या लेखात आपण पश्चिम आफ्रिकेतील घाना ह्या देशाच्या प्रवासाची आखणी करू. आपल्यापैकी किती जण तिकडे प्रत्यक्ष जातील, हे सांगवत नाही. तथापि आखणी नीट केली असता घरबसल्याही पुष्कळ ज्ञान मिळते. आणि काय बरोबर न्यावे याप्रमाणेच काय घरी टाकून जावे, हेही कळते.

घानाची राजधानी आक्रा. ती विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेपाच अंशांवर, गिनीच्या आखाताच्या काठी वसली आहे. तिच्या जवळच टेमा नावाचे बंदर असून ग्रिनिचचे रेखावृत्त त्यातून जाते. आता एक सोपे गणित करा. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून धरली आहे, आणि पृथ्वी दर तासास 15 अंश फिरते. भागाकार केला की साडेपाच तास येतात. म्हणजे आपल्या शाळेत सकाळी 11 ची घंटा होते, तेव्हा आक्र्यात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात.

वऱ्हाडच्या माणसाने बडनेरा किंवा अकोला येथे आगगाडीत बसून मुंबईस जावे. पुढे विमान बहुधा आदिस अबाबा, नैरोबी किंवा दुबई येथे बदलावे लागते. ऋतूची निवडही विचाराने करावी. आपल्या उन्हाळ्याच्या सुटीत, मे-जून महिन्यांत, दक्षिण घानात पावसाचा जोर असतो. नाताळाच्या सुमारास हवा कोरडी असते. मात्र सहारा वाळवंटाकडून हारमाटन नावाचा धुळीचा वारा वाहतो. अकोल्याचा वैशाख ज्याने सोसला आहे, त्यास त्याचे भय नको.

पारपत्र व घानाच्या दिल्लीतील उच्चायुक्तालयाकडून मिळणारा प्रवेशपरवाना यांखेरीज तिसरा एक कागद अवश्य लागतो. तो म्हणजे पीतज्वराची लस टोचल्याचा दाखला. ही लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, व टोचल्यापासून 10 दिवसांनी दाखला ग्राह्य होतो. 2016 पासून तो जन्मभर चालतो. परतताना आपले सरकारही तो पाहते, आणि नसल्यास प्रवाशास काही दिवस वेगळे ठेवते. याचे कारण ध्यानात घ्या. पीतज्वर पसरविणारा डास तोच, जो आपल्याकडे डेंग्यू पसरवितो. डास येथे आहे, रोग मात्र येथे नाही. एका निष्काळजी प्रवाशाने तो रोग आणला, तर संकट साऱ्या गावावर येईल. अर्थात ही टोचणी आपल्याइतकीच आपल्या शेजाऱ्यासाठीही आहे. हिवतापाचे भयही तिकडे मोठे. म्हणून वैद्यकीय सल्ल्याने गोळ्या घ्याव्या व मच्छरदाणीत निजावे.

ह्या लशीमागे मोठा त्याग आहे. 1927 साली घानात, म्हणजे त्या काळच्या गोल्ड कोस्टमध्ये, असिबी नावाचा एक आफ्रिकन मनुष्य ह्या तापाने आजारी पडला. त्याच्या रक्तातून शास्त्रज्ञांस रोगाचा विषाणू मिळाला. असिबी बरा झाला. परंतु संशोधन करणारे एड्रियन स्टोक्स हे त्याच वर्षी लागोस येथे, आणि हिदेयो नोगुची व विल्यम यंग हे 1928 साली आक्रा येथे त्याच रोगास बळी पडले. असिबीपासून मिळालेला विषाणू सौम्य करून मॅक्स थायलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937 साली लस सिद्ध केली. आज जगभर टोचली जाते ती हीच. घानाच्या एका माणसाचे रक्त असे कोट्यवधींच्या उपयोगी पडले आहे.

आता पैशाकडे वळू. घानाच्या चलनास सेडी म्हणतात. हा शब्द तेथील अकान भाषेतील कवडी ह्या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. पूर्वी मालदीव बेटांतील कवड्या जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत जात व तेथे नाणे म्हणून चालत. त्याच कवड्या देऊन माणसेही विकत घेतली गेली. आपण ‘कवडीमोल’ हा शब्द सहज वापरतो. तेथे तो अक्षरशः खरा झाला होता. इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सव्वा कोट आफ्रिकन माणसे गुलाम म्हणून अटलांटिकपार जाणाऱ्या जहाजांत कोंबली गेली.

म्हणून आक्र्याच्या पश्चिमेस सुमारे 150 किलोमीटरवरील केप कोस्टचा किल्ला, आणि पोर्तुगीजांनी 1482 साली बांधावयास घेतलेला एल्मिनाचा किल्ला, ही दोन्ही स्थळे प्रवाशाने पाहावीत. केप कोस्टच्या किल्ल्यात पुरुष गुलामांच्या अंधारकोठडीच्या वरच प्रार्थनामंदिर होते. वर स्तोत्रे गाइली जात आणि खाली माणसे कण्हत. ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनी हे केले, ही गोष्ट ख्रिस्ती शाळेने मुलांपासून झाकून ठेवू नये. ज्या उपासनेस तळघरातील हाक ऐकू येत नाही, ती देवासही पोहोचत नाही, असे आम्हांस वाटते.

परंतु दोष केवळ युरोपियनांच्या पदरी टाकून आपणांस मोकळे होता येत नाही. आक्र्याच्या विद्यापीठात 2016 साली महात्मा गांधींचा पुतळा उभारण्यात आला, आणि डिसेंबर 2018 मध्ये तो हलविण्यात आला. गांधीजींनी तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत असताना आफ्रिकन लोकांविषयी लिहिलेले अनुदार शब्द तेथील अध्यापकांस व विद्यार्थ्यांस खुपले होते. ज्यांचे सेवाग्राम आपल्या शेजारी वर्धा जिल्ह्यात आहे, त्या थोर पुरुषाचे शब्दही इतक्या वर्षांनी तपासले गेले; मग आपल्या घरातील बोलण्याची काय कथा? काळ्या रंगास हिणविणारे किती शब्द आपल्या तोंडी आहेत, हे पालकांनीही मोजून पाहावे. घरी टाकून जावयाचे ओझे ते हेच.

आणि हिणवावे तरी कोणास? आपली ज्वारी मूळची आफ्रिकेची. बाजरी व चवळी तर पश्चिम आफ्रिकेनेच जगास दिली. घानात चवळी व तांदूळ ज्वारीच्या पानांबरोबर शिजवून ‘वाचे’ नावाचा तांबूस भात करतात. आपल्या लाल अंबाडीच्या जातीच्या झाडाचे गोड सरबतही तेथे पितात. वऱ्हाडी पाहुण्यास हे जेवण परके वाटू नये. देणेघेणे मात्र उजव्या हातानेच करावे. ह्या बाबतीत तिकडची रीत आपल्यासारखीच आहे.

आक्र्यातील आचिमोटा शाळेच्या संस्थापकांपैकी एक, डॉ. जेम्स आग्रे, हे स्वतः आफ्रिकन होते. पियानोच्या केवळ पांढऱ्या किंवा केवळ काळ्या पट्ट्यांवर सूर निघतील, पण सुरांचा मेळ साधण्यास दोन्ही हव्यात, असे ते सांगत. त्या शाळेच्या चिन्हावर आजही त्या पट्ट्या आहेत. आपल्या प्रार्थनेच्या पेटीवरही त्या आहेतच. ज्या विद्यार्थ्याने हे मनात बांधून घेतले, त्याची घानाच्या प्रवासाची निम्मी तयारी झाली. बाकीची निम्मी पेटाऱ्यात सहज मावेल.