अल्प खर्चाचे उपचार : अलीकडील संशोधनाचे काही निष्कर्ष

वैद्यकीय संशोधनाची वार्ता म्हटली की महागडी यंत्रे आणि लाखो रुपयांची नवी औषधे डोळ्यांसमोर उभी राहतात. धर्मादाय रुग्णालयाचा कारभार पाहणाऱ्या माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या पदवीधराला मात्र गेल्या काही वर्षांतील निराळ्याच निष्कर्षांनी विचार करावयास लावले. त्यांचा खर्च अल्प आणि लाभ मोठा आहे. असे उपचार घेऊन औषध कंपनीचा प्रतिनिधी सहसा दारी येत नाही, कारण त्यांत विकण्याजोगे फारसे नसते. ते शोधून अमलात आणण्याचा भार रुग्णालयावरच राहतो. आपले विश्वस्त, देणगीदार व हितचिंतक यांच्या माहितीसाठी त्यांतील काहींचा येथे परिचय करून देत आहे. कोणत्या रुग्णाला काय द्यावे हा निर्णय अर्थातच डॉक्टरांचा.

प्रथम प्रसूतिकक्षाकडे वळू. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे जगभर मातामृत्यूचे प्रमुख कारण आहे. त्यावरील उपाय नवे नाहीत : गर्भाशयाचे मर्दन, ते आकुंचन पावण्यासाठी ऑक्सिटोसिनसारखे औषध, रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, शिरेवाटे सलाइन, आणि रक्त कोठून जात आहे याची तपासणी. तरीही माता दगावतात. याचे एक मोठे कारण असे की, किती रक्त गेले हे बहुधा नजरेच्या अंदाजाने ठरवले जाते. चादरीवर, कापसात व फरशीवर पसरलेले रक्त डोळ्यांना कमी भासते आणि धोका ध्यानात येईपर्यंत मोलाची मिनिटे निघून जातात. शिवाय एक उपाय करून पाहावा, गुण न आल्यास दुसरा करावा, अशी रीत पडलेली असते.

केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या चार देशांतील 80 रुग्णालयांत झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ या अभ्यासाने नेमके येथेच बोट ठेवले. रुग्णालयांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडण्यात आले. एका गटात नेहमीची पद्धत चालू राहिली. दुसऱ्या गटात मातेच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी अंथरण्यात आली. त्यात जमणारे रक्त ठरावीक खुणेपर्यंत येताच वरील सर्व उपाय एकामागून एक न करता एकदमच सुरू करावयाचे, असा दंडक घातला गेला. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन लाखांहून अधिक प्रसूतींची नोंद आहे. नेहमीच्या पद्धतीत अतिरक्तस्राव सुमारे 51 टक्के वेळाच ओळखला गेला. पिशवीमुळे हे प्रमाण 93 टक्क्यांवर गेले. एक लिटर किंवा त्याहून अधिक रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडून करावी लागणारी शस्त्रक्रिया अथवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आले. मृत्यूंची संख्या दोन्ही गटांत लहान असल्याने केवळ मृत्यूंतील घट मात्र निःसंशय सिद्ध झाली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

रोकडवहीत कोणी अंदाजे शिल्लक लिहिली तर लेखापरीक्षक ती क्षणभरही चालवून घेणार नाही. प्रसूतिकक्षात मात्र अंदाजावर इतकी वर्षे निभावत आलो. येथे खर्चाची खरी बाब पिशवी नव्हे; परिचारिकांचे वारंवार प्रशिक्षण आणि मध्यरात्रीही सर्व औषधे एकाच ठिकाणी हाताशी असणे ही आहे. त्यातील दुसरी गोष्ट डॉक्टरांच्या नव्हे, भांडारपालाच्या व पर्यायाने प्रशासनाच्या हाती असते.

क्षयरोगाविषयीचा अभ्यास आपल्याच देशातला. डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडमध्ये 2,800 रुग्ण आणि त्यांच्या घरातील दहा हजारांवर माणसे यांचा मागोवा घेतला. रुग्णांना शिधा सर्वत्रच दिला गेला. निम्म्या भागांत तो घरच्या माणसांनाही मिळाला. तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या, एवढेच. 2023 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार शिधा मिळालेल्या कुटुंबांत क्षयाचे नवे रुग्ण 39 टक्क्यांनी कमी आढळले. उपचारांच्या पहिल्या दोन महिन्यांत वजन वाढलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोकाही पुष्कळ कमी दिसला. निक्षय पोषण योजनेखाली रुग्णाला दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर 2024 पासून 500 वरून 1,000 रुपये झाली आहे. तरी रुग्णाचे ताट व कुटुंबाचे ताट ही दोन्ही एकाच चुलीवर भरतात, हे वाटपाचा हिशेब करताना विसरून चालणार नाही.

कर्करोगात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे काम उल्लेखनीय आहे. डोके व मानेच्या, म्हणजे आपल्याकडे बहुतांशी तंबाखूमुळे होणाऱ्या, प्रगत कर्करोगात निव्होलुमॅब हे अतिमहाग औषध नेहमी दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम देतात. तेथील डॉक्टरांनी तोंडावाटे घ्यावयाच्या स्वस्त औषधांच्या जोडीला ते दर तीन आठवड्यांनी केवळ 20 मिलिग्रॅम दिले. मात्रेचा हिशेब मांडला तर हे अठरावा हिस्सा होते. 151 रुग्णांच्या या अभ्यासात एक वर्ष जगलेल्यांचे प्रमाण सुमारे 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेले. पूर्ण मात्रेशी तुलना त्यात नव्हती. परंतु ज्या कुटुंबाला पूर्ण मात्रा कधीच परवडणार नव्हती, त्याच्यासमोर खरी निवड कोणती, हेही पाहिले पाहिजे. याच संस्थेच्या पुढाकाराने स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती लिडोकेन या भुलीच्या साध्या औषधाचे इंजेक्शन देऊन पाहण्यात आले. पाच वर्षांनी हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण त्यामुळे सुमारे 86 वरून 90 टक्के झाले. हा एकाच अभ्यासाचा निष्कर्ष असल्याने इतरत्र त्याची पुष्टी होणे इष्ट.

कधी कधी लाभ कमी देण्यात असतो. रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या 3,608 रुग्णांच्या ‘बॅलन्स’ या अभ्यासात सात दिवसांची प्रतिजैविके चौदा दिवसांच्या तुलनेत कमी ठरली नाहीत. 90 दिवसांतील मृत्यू अनुक्रमे 14.5 व 16.1 टक्के होते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचे व अतिशय क्षीण प्रतिकारशक्तीचे रुग्ण यातून वगळले होते. इतरांबाबत, सातव्या दिवशी औषध पुढे का चालू ठेवायचे याचे कारण केसपेपरवर लिहिण्याची पद्धत असावी, असे मला वाटते. त्यासाठी एक रकाना वाढवावा लागेल, आणि केसपेपरची छपाई प्रशासनाकडेच आहे.