भाचीस पत्र : इंजिन केवढं हवं?

चि. भाचीस,


मिशिगनमधल्या तुमच्या वीस एकरांसाठी एटीव्ही घ्यायचं ठरल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. विक्रेत्याने ४५०, ५७० आणि ८५० सीसी असे तीन पर्याय पुढे ठेवलेत आणि ‘घेतच आहात तर मोठंच घ्या’ असा सल्लाही वर दिलाय. तू माझं मत विचारलंस. तुझ्या कामाला ४५०ची गाडी पुरते, आणि फरकाचे पैसे इंजिनापेक्षा दुसरीकडे घातलेस तर जास्त उपयोगी पडतील, असं मला ठामपणे वाटतं. नुसतं मत ऐकून तू गप्प बसणार नाहीस, हिशेब मागशील. म्हणून तो मांडतो.

कॉलेजात असताना बाहा स्पर्धेसाठी तुम्ही गाडी बांधली होतीत. पिथमपूरच्या त्या स्पर्धेत तुम्हाला मिळायचं ते ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ३०५ सीसी, १० अश्वशक्तीचं इंजिन, आणि सगळ्या संघांना तेच. तरीही काही गाड्या चढ चढून जायच्या आणि काही मध्येच अडकायच्या. फरक पडायचा तो वजनाची वाटणी, गिअरचं गुणोत्तर, टायर आणि सस्पेन्शन यांमुळे. तोच नियम इथेही लागू होतो. चाक जमिनीला किती जोराने ढकलू शकेल, याची मर्यादा इंजिन ठरवत नाही. चाकावरचं वजन आणि जमिनीची पकड ठरवते. गाडी ३२० किलोची आणि चालवणारं माणूस ८० किलोचं, म्हणजे एकूण ४०० किलो धर. ओलसर मातीवर घर्षणाचा गुणांक ०.५ धरला, तर चारही चाकं मिळून सुमारे २,००० न्यूटनपेक्षा जास्त ओढ देऊ शकत नाहीत. त्यापुढे ती जागच्या जागी फिरतात. ताशी १० किलोमीटर वेगाने ही पूर्ण ओढ द्यायची, तर चाकांपाशी सव्वासात अश्वशक्ती लागते. पट्ट्यात आणि गिअरांत तिसरा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी इंजिनाकडून अकराएक अश्वशक्ती पुरते. पोलारिसच्या स्पोर्ट्समन ४५०ची ३३ अश्वशक्ती आहे, ५७०ची ४४ आणि ८५०ची ७८. म्हणजे कामाच्या वेगाला सर्वांत लहान इंजिनही लागतं त्याच्या तिप्पट ताकदीचं आहे. उरलेली ताकद ओल्या पानांवर चाक फिरवण्यापलीकडे काही करत नाही. ओकचा ओंडका साखळीने ओढताना लो रेंजमध्ये अंगठ्याने थ्रॉटल हळूहळू दाबत जायचं असतं. चाक सुटलं की दाब कमी करायचा, आणि तिथे मोठं इंजिन उलट अंमळ घाईचं ठरतं.

कंपन्यांचे आकडेही हेच सांगतात. यामाहाची कोडियाक ४५० प्रत्यक्षात ४२१ सीसीची आहे आणि कोडियाक ७०० ही ६८६ सीसीची. दोन्हींची ट्रेलर ओढायची मर्यादा एकच, सुमारे ६०० किलो. इंजिन दीडपटीहून मोठं झालं, तरी ओढण्याच्या मर्यादेत एका किलोचीही भर नाही. कारण ती मर्यादा चौकट, हिच आणि ब्रेक यांवर ठरते. मागच्या रॅकमध्येही फरक थोडकाच. ४५०च्या रॅकवर ८० किलो चालतात, ७००च्या रॅकवर ९०. सफरचंदांच्या फवारणीसाठी २५ गॅलनची टाकी रॅकवर बसवायचं तुझ्या मनात आहे. त्यात पाणीच सुमारे ९५ किलोंचं, टाकीचं आणि पंपाचं वजन वेगळं. म्हणजे ती टाकी लहान गाडीलाही जड आणि मोठीलाही. उपाय गाडी बदलण्याचा नाही; १५ गॅलनची टाकी घे, नाहीतर २५ गॅलनची टाकी चाकांच्या गाड्यावर बसवून मागे ओढ. विक्रेत्याच्या पत्रकात सीसीचा आकडा ठळक असतो आणि रॅकची मर्यादा शेवटच्या तक्त्यात. तू तक्ता आधी वाच.

आता वजनाबद्दल. ५७०ची गाडी रिकामी सव्वातीनशे किलोंच्या घरात जाते, आणि हजार सीसीच्या वर्गात हा आकडा चारशेच्या जवळ पोचतो. एटीव्हीवर तोल सांभाळण्याचं अर्धं काम चालवणाऱ्याच्या शरीराचं असतं: चढावर पुढे झुकायचं, आडव्या उतारावर वरच्या बाजूला कलायचं. गाडी जितकी जड, तितकं तुझं झुकणं तिच्यापुढे हलकं पडतं. गाडी उलटली तर अंगावर येणारं वजनही तितकंच वाढतं. ‘चढायला ताकद लागते’ हे सगळे बोलतात, पण भरलेला ट्रेलर मागे असताना उतारावर काय होतं हे कोणी विचारत नाही. तिथे उपयोगी पडतं ते इंजिनब्रेकिंग आणि ब्रेक, अश्वशक्ती नाही. धोका इंजिनाच्या आकारावर मोजता येत नाही, हा धडा अमेरिका महागात शिकली आहे. होंडाने १९७० साली ८९ सीसीची पहिली तीनचाकी बाजारात आणली, आणि पुढे या गाड्यांचे अपघात इतके वाढले की १९८८ साली न्यायालयीन तडजोडीने नव्या तीनचाकी विकणं बंद झालं. मुलांच्या गाड्यांची वर्गवारी आधी सीसीवर होती. २००८च्या ग्राहकसुरक्षा कायद्याने जे मानक बंधनकारक केलं, त्यात ती कमाल वेगावर गेली. म्हणजे सरकारनेही सीसी हे धोक्याचं माप नाही, हे मान्य केलं. म्हणून मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याला ४५० जरा सौम्य पडेल, असा विचार करत असशील तर तो सोडून दे. ही प्रौढांची गाडी सोळा वर्षांखालच्यांसाठी नाहीच, मग इंजिन ४५०चं असो की ८५०चं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचाही सल्ला तोच आहे.

तुझे आक्षेप मला इथे बसून दिसतात. पहिला आक्षेप: मोठं इंजिन निवांत चालतं, म्हणून जास्त टिकतं. तासन्‌तास पूर्ण थ्रॉटलवर पळवायचं असेल, तर यात तथ्य आहे. ताशी १० किलोमीटरच्या कामात दोन्ही इंजिनं निवांतच असतात. शेतावरच्या गाडीचं आयुष्य तेलावर, हवेच्या फिल्टरवर आणि पट्ट्यावर अवलंबून. पट्टा जळतो तो बहुधा जड ओझं हाय रेंजमध्ये ओढल्याने, इंजिन लहान आहे म्हणून नाही. दुसरा आक्षेप: पुढे काम वाढलं तर? वाढेल, कबूल. पण वीस एकरांवर काम वाढलं, तर तुला नांगर, बकेट किंवा मागे डंप होणारा हौदा लागेल. त्याला छोटा ट्रॅक्टर किंवा दोन सीटची साइड-बाय-साइड हवी. जास्त सीसीची एटीव्ही ते काम करणार नाही. उद्याच्या ट्रॅक्टरचं काम आजच्या एटीव्हीवर टाकू नकोस. तिसरा आक्षेप तुझ्या कोलोरॅडोतल्या मैत्रिणीचा: तिकडे सगळे मोठंच घेतात. बरोबर आहे, कारण तिकडे डोंगर उंच आहेत. साध्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटर उंचीमागे सुमारे ३ टक्के घटते, म्हणजे ३,००० मीटरवर साधारण ३० टक्के. मिशिगनचं सर्वोच्च ठिकाण माउंट अर्व्हॉन, तेच मुळी ६०३ मीटर. तिचं गणित तिच्या डोंगरांसाठी ठीक, तुझ्या बागेला लागू नाही.

मोठं इंजिन कधीच घेऊ नये, असं मात्र मी म्हणत नाही. सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकड्यांवर दर शनिवारी जायचं असेल, तर चित्र पालटतं. सैल वाळूत चाकं रुततात, थांबलं की गाडी बसते, म्हणून वेग टिकवावा लागतो. आणि वेग आला की अश्वशक्तीचा प्रश्न येतोच. दोन माणसांसाठी बनवलेल्या लांब चाकांतराच्या गाडीवर जोडीने लांबचे ट्रेल करायचे असतील, तरी ५७०च्या वरचं इंजिन योग्य. उलट बाजूलाही एक हद्द आहे. अडीचशेच्या आसपासच्या काही गाड्या फक्त मागच्या दोन चाकांवर चालतात; बर्फात त्यांचा उपयोग नाही. तुझ्या पत्रात मात्र कामं आली आहेत ती चार: हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ लोटणं, पडलेली झाडं ओढणं, फवारणी आणि कुंपणाची पाहणी. या चारांतलं एकही काम वेगाचं नाही.

तेव्हा निर्णय असा कर. ४५०च्या वर्गातली फोर-व्हील ड्राइव्ह, लो रेंज, पॉवर स्टिअरिंग आणि उतारावर इंजिनब्रेकिंग देणारी गाडी घे. यांपैकी एखादी गोष्ट ४५०मध्ये मिळतच नसेल आणि ५७०मध्ये मिळत असेल, तरच एक पायरी वर जा. आणि जाशील ते त्या सोयीसाठी, सीसीसाठी नाही. फरकाच्या पैशांत विंच, बर्फाचं पातं, दोन चांगली हेल्मेटं आणि एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटचा रायडरकोर्स हे चारही बसवायचा प्रयत्न कर, आणि कोर्स नवरा-बायको दोघांनी करा. चाचणी घेताना विक्रेता तुला चढावर नेईल. तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. तू त्याला तोच उतार लो रेंजमध्ये उतरू दे म्हणून सांग, ब्रेकवरून बोट काढ आणि गाडी स्वतःहून किती सावकाश उतरते ते बघ. जी नीट उतरेल ती घे. तिच्यावर आकडा कुठलाही असो.

तुझा,
मामा